न उघडलेल्या कपाटाची थोरवी

जबलपूरच्या माणसाला भूगर्भीय नकाशाची गरज नाही. एवढे एकदा मान्य केले की विद्यापीठीय ग्रंथालयांवरचा निम्मा ताण हलका होतो. तरीही दरवर्षी कुणीतरी एमएस्सीचा मुलगा काउंटरशी येतो आणि 'जबलपूरचा नकाशा' मागतो. असा नकाशा नसतो, हे त्याला कुणी सांगत नाही. आणि तेच योग्य. सर्वेक्षण खात्याने देशाचे चार-चार अंशांचे चौकोन पाडले, त्यांना आकडे दिले, प्रत्येक चौकोनाचे सोळा तुकडे करून त्यांना इंग्रजी अक्षरे दिली आणि त्या प्रत्येक तुकड्याचे पुन्हा सोळा. तेव्हा मागायचे असते ते '55 एम/16'. हे ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच नकाशा मिळावा, असा हा नेमका बंदोबस्त आहे. पूर्वी देवळाच्या गाभाऱ्याला असे नियम असत.

शिवाय निसर्गाचीही साथ आहे. 80 अंशांचे रेखावृत्त गावाच्या पूर्वेकडून जाते, त्यामुळे भेडाघाट एका शीटवर आणि डुमना विमानतळ दुसऱ्या, म्हणजे 64 ए/4 वर. एक शीट सापडली की दुसरी बाइंडिंगला गेलेली असते. 2005च्या नकाशा धोरणानंतर नव्या मालिकेतल्या शीटांचे क्रमांकच बदलले. आता अर्जावर नवा नंबर, कपाटावर जुना आणि रजिस्टरमध्ये दोन्ही नाहीत. कॅटलॉगचे विचाराल तर नकाशाला लेखक नसतो. मग कार्ड कुठल्या अक्षराखाली लावायचे? न लावणे हाच प्रामाणिक मार्ग.

नकाशांच्या कपाटाबद्दल ग्रंथालयातल्या शिपाईदादांचे एक वाक्य मला सोन्याने मढवावेसे वाटते: "चाबी तो है साहब, पर अलमारी नहीं खुलती." ग्रंथालयशास्त्राच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात जतनाचे तत्त्व इतक्या थोडक्यात सांगितलेले माझ्या वाचनात नाही.

समजा, उघडलेच कपाट. आत कापडावर चिकटवलेला, घड्या घातलेला जुना नकाशा. ग्रॅनाइट गुलाबी, डेक्कन ट्रॅपचा बेसाल्ट हिरवा, नदीकाठचा गाळ पिवळट. कडेला रंगांची सूची. ती खालून वर वाचायची, कारण सर्वांत जुना खडक तळाशी. (कचेरीतल्या फायलीतही जुना कागद तळाशीच असतो, त्यामुळे कर्मचाऱ्यांना हे उपजतच कळते.) तळाशी भेडाघाटचा संगमरवर, अब्जाहून जास्त वर्षांचा; त्यावर क्रमाने मदन महालचा ग्रॅनाइट, जबलपूर थराचे वालुकाश्म आणि पांढरी माती, मग लमेटा थर, त्यावर लाव्हा. लमेटाची पट्टी नकाशावर पेन्सिलच्या रेघेएवढी. आणि नकाशाची घडी पडली आहे ती नेमकी लम्हेटा घाटावर! तिथला कागद झिजून खालचे कापड दिसते. ज्या थराला या घाटाचे नाव मिळाले आणि जगभरचे जीवाश्मतज्ज्ञ ज्याचा उच्चार करतात, त्या जागी आमच्याकडे भोक आहे. इतक्या अचूकपणे कसरीलाही खाता आले नसते.

कपाटात टाकून विसरण्याच्या विरोधात जे बोलतात, त्यांनी टायटॅनोसॉरसची हकिकत वाचावी. ठगांचा बंदोबस्त करून नाव कमावलेल्या स्लीमनला 1828 साली जबलपूरजवळ दगड झालेली हाडे सापडली. ती हातोहात कलकत्त्याला गेली. 1877 साली जीवाश्मतज्ज्ञ लायडेकरने त्यांवरून 'टायटॅनोसॉरस इंडिकस' हे नाव ठेवले. भारतातला पहिला डायनासोर, आणि तोही आपल्या गावचा. पुढे ती हाडे हरवली. अभ्यासकांनी हळहळ व्यक्त करून घेतली. 2012 साली धनंजय मोहबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यातला एक मणका सापडला, कुठे? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कोलकात्यातल्या संग्रहातच! म्हणजे तो कुठे गेलाच नव्हता. कुणी रोज पुसून, मोजून, अभ्यासाला बाहेर काढून ठेवला असता तर इतकी वर्षे टिकला असता का, याचा विचार व्हावा.

नकाशा न पाहण्याचे लाभ ग्रंथालयाबाहेरही पोचतात. ग्रॅनाइटमध्ये पाणी असते ते भेगांत आणि वरच्या कुजलेल्या थरात. हे नकाशावरून आधीच कळले तर पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ उभा कशाला राहील? तो बिचारा नारळ, बोअरवाल्याची गाडी, तिसऱ्या कोरड्या बोअरचे बिल, एवढी उलाढाल एका रंगीत कागदापायी बुडवायची? भूकंपाचेही तेच. 22 मे 1997 च्या पहाटे जबलपुरात भूकंपाने माणसे मेली, घरे पडली. नर्मदा-सोन पट्ट्यातले भ्रंश नकाशांवर त्याआधीपासून काळ्या रेघांनी काढलेले होते. मदन महालचा 'बॅलन्सिंग रॉक' म्हणून प्रसिद्ध असलेला दगड मात्र जागचा हलला नाही. त्यानेही नकाशा पाहिलेला नव्हता, हा मुद्दा आमच्या बाजूचा.

या सुखी व्यवस्थेवर अलीकडे एक संकट आले आहे. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने 'भूकोश' नावाचे संकेतस्थळ काढले आणि 1:50,000 प्रमाणावरचे भूगर्भीय नकाशे कुणालाही फुकट उतरवून घेता येऊ लागले. ना अर्ज, ना विभागप्रमुखांची सही, ना चावी. एक सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर, घरबसल्या! पहिल्यांदा ऐकले तेव्हा शिपाईदादांची काळजी वाटली. पण आपली माणसे कच्ची नाहीत. उतरवलेला नकाशा प्रबंधाला जोडायचा तर छापील प्रत लागते. सुमारे 55 सेंटिमीटर उंचीची ती शीट ग्रंथालयाच्या प्रिंटरवर ए-फोर कागदात बसवली जाते, तीही काळी-पांढरी, कारण रंगीत शाईची मागणी मंजुरीत आहे. ग्रॅनाइट करडा, बेसाल्ट करडा, लमेटा तर दिसतच नाही. मग त्या प्रतीवर शिक्का बसतो, तिची नोंद होते आणि ती ठेवायला जागा शोधताना सगळ्यांना त्या कपाटाची आठवण होते. कुलूप तोडण्याची परवानगी मागणारा कागद वर गेला आहे.