अर्जकरी

वारकऱ्याची तिथी पंचांगात छापलेली असते. अर्जकऱ्याची तिथी जाहिरात निघाली की मगच कळते. आषाढी कधी पुढे गेली नाही. शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, मात्र २०२१ च्या नोव्हेंबरात झाली ती एकदम २०२४ च्या नोव्हेंबरात उगवली, आणि तिच्या पुढची पायरी असलेली अभियोग्यता चाचणी डिसेंबर २०१७ नंतर थेट फेब्रुवारी २०२३ मध्ये. मधल्या काळात तुमचा मुलगा करतो काय, असं नातेवाईक विचारतात. तो तयार असतो. वय तिशीच्या अलीकडे-पलीकडे, शिक्षण डी.एड., बी.ए., बी.एड., आणि आता पाहू एम.ए. त्यानं घेतली तेव्हा जी पदविका डी.एड. होती, ती पुढे डी.टी.एड. झाली, मग डी.एल.एड. झाली, अर्जकरी आहे तिथंच आहे. त्याच्या हातातल्या प्लॅस्टिकच्या फायलीत दहावीपासूनची गुणपत्रकं कालक्रमानं लावलेली असतात, मागच्या कप्प्यात जातप्रमाणपत्र, पडताळणी, नॉनक्रिमिलेअर, अधिवास, आणि पुढच्या कप्प्यात पासपोर्ट फोटोंचं पाकीट. पाऊस आला तर तो आधी फाईल झाकतो, मग डोकं.

या माणसाविषयी समाजाचं मत असं की बिचारा परीक्षेत अडकला आहे. मला हे निदान चुकीचं वाटतं. परीक्षा ही दीडशे प्रश्नांची, दीडशे गुणांची, अडीच तासांची गोष्ट आहे. ती रविवारी सुरू होते आणि रविवारीच संपते. तिच्यासाठीचा अर्ज महिनाभर चालतो, आणि तो भरण्याची तयारी वर्षानुवर्षं. माझं म्हणणं एवढंच की पेपर हा उपचार आहे, खरी परीक्षा अर्ज हीच आहे; आणि ती अगदी योग्य परीक्षा आहे. शिक्षकाला पुढे आयुष्यभर जे काम करायचं असतं त्याची इतकी नेमकी चाचणी बालमानसशास्त्राच्या तीस गुणांना आजवर जमलेली नाही.

नावाचा रकानाच घ्या. अर्जात 'दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे नाव' एवढंच विचारलेलं असतं. परंतु मराठी माणसाचं नाव ही एक गोष्ट नसून तीन-चार कागदांतली बोलणी असतात. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर शेवटी. वडिलांचं नाव एकीकडे 'ज्ञानदेव', दुसरीकडे 'ज्ञानदेवराव', आणि इंग्रजी स्पेलिंग तर 'ज्ञ' या अक्षराचा सूड म्हणूनच केलेलं असतं. मुलगी असेल आणि दरम्यान लग्न झालं असेल, तर हा रकाना अर्धं दशक ओलांडून येतो: दहावी-बारावी माहेरच्या नावाची, बी.एड. सासरच्या, आधारवर नवऱ्याचं नाव आणि आडनाव मात्र माहेरचंच. मग विवाह नोंदणीचा दाखला, तो नसेल तर राजपत्रातली नावबदलाची जाहिरात. नॉनक्रिमिलेअरला आणखी वेगळा घोळ, कारण तो निघतो वडिलांच्या उत्पन्नावर आणि विवाहिता राहते सासरी. एवढं सगळं पार पाडून 'मी वर दिलेली माहिती खरी आहे' या चौकटीत टिचकी मारताना तिच्या मनात क्षणभर जी शंका येते, ती तत्त्वज्ञानाच्या पदवीधरालाही येत नसेल.

फोटो आणि सहीचं प्रकरण याहून सूक्ष्म. फोटो अमुक केबीपेक्षा मोठा नको, तमुकपेक्षा लहान नको. सही काळ्या शाईनं पांढऱ्या कागदावर, चौकटीत बसेल अशी. काही अर्जांत डाव्या अंगठ्याचा ठसाही लागतो, आणि त्याखाली स्वतःच्या हस्ताक्षरातलं इंग्रजी घोषणापत्र. म्हणजे निरक्षर आणि साक्षर अशा दोन्ही बाजूंनी उमेदवाराची खात्री पटवून घेतात. मोठा फोटो लहान करणं सर्वांना जमतं; पण तो इतका लहान होतो की यंत्र म्हणतं, फारच लहान झाला. मग मोठा करायचा. दहा-पंधरा खेपांनंतर फोटो मापात बसतो, पण त्यातला माणूस ओळखू येत नाही. अर्जकऱ्याची त्याला हरकत नसते. प्रवेशपत्रावर चेहऱ्याच्या जागी काळा ठोकळा आला, तर ओळखीसाठी आधारकार्ड आहेच, आणि आधारवरचा फोटो कसा असतो ते पर्यवेक्षकालाही माहीत असतं.

शुल्काच्या बाबतीत मात्र परीक्षा घेणाऱ्या परिषदेनं माणसाचा स्वभाव ओळखला आहे. २०२४ च्या परीक्षेला खुल्या वर्गातल्या उमेदवारासाठी एका पेपरचे हजार रुपये होते आणि दोन्ही पेपरचे बाराशे. पहिला पेपर पहिली ते पाचवीच्या शिक्षकासाठी, दुसरा सहावी ते आठवीच्या. ज्याला फक्त चौथीचा वर्ग हवा आहे तोही दोनशेत आणखी एक पेपर मिळतोय म्हटल्यावर तो कसा सोडेल? एका साडीवर दुसरी जवळजवळ फुकट, ही जाहिरात ज्या समाजात चालते तिथं हा हिशेब कोणाला समजावून सांगावा लागत नाही. गुणांचा हिशेब तेवढा सरळ नाही. खुल्या वर्गाला उत्तीर्ण होण्यासाठी साठ टक्के, म्हणजे नव्वद. आरक्षित प्रवर्गाला पंचावन्न टक्के, म्हणजे साडेब्याऐंशी. प्रत्येक प्रश्न एका गुणाचा. अर्धा प्रश्न बरोबर कसा सोडवायचा, हे अध्यापनशास्त्राच्या कोणत्याच पुस्तकात दिलेलं नाही.

अर्ज हीच खरी परीक्षा, या म्हणण्यावर पहिला आक्षेप असा येतो की हे सगळं अर्जकरी स्वतः करतोच कुठं? तालुक्याच्या स्टँडसमोर 'येथे सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील' असा फलक असलेलं दुकान असतं. तिथला पोरगा फॉर्म भरतो, हा नुसता बाजूच्या स्टुलावर बसतो. आक्षेप घेणाऱ्यानं ते स्टूल पाहिलेलं नाही. दुकानातला पोरगा एका संगणकावर टीईटी, दुसऱ्यावर पीकविमा आणि मोबाइलवर कोणाचं तरी रेल्वेचं तिकीट काढत असतो. त्याच्या लेखी 'जन्मतारीख' आणि 'पदविका उत्तीर्ण दिनांक' या दोन्ही तारखाच. त्यानं 'माध्यम' या रकान्यात मराठीच्या जागी त्याच्या वरचं किंवा खालचं काहीतरी निवडलं, तर हा उमेदवार कुठल्या माध्यमाच्या पेपरला बसेल सांगता येत नाही. म्हणून अर्जकरी स्टुलावर बसून पडद्यावरचं अक्षर न् अक्षर वाचतो, 'थांब, थांब, वर जा' म्हणतो, ओटीपी येताच तो मोठ्यानं सांगतो आणि मागच्या चौघांना ऐकू गेला म्हणून लगेच ओशाळतो. दुसऱ्याच्या हातानं, त्याला राग येऊ न देता, एकही चूक होऊ न देता काम करवून घेणं: चाळीस मुलांच्या वर्गात याहून वेगळं काय करायचं असतं?

आणि वर्गात तरी तो किती वेळ असणार आहे? शिक्षकाच्या नोकरीचं आजचं स्वरूप पाहिलं की अर्जाची थोरवी पटते. पोर्टलवर विद्यार्थ्यांची माहिती भरायची, यू-डायस प्लसवर शाळेची भरायची, आज किती मुलं जेवली ते रोजच्या रोज कळवायचं. या सगळ्यांत अवघड काम मुलांचं आधार वैध करून घेण्याचं. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाचं नाव एक, आधारवर दुसरं. जन्मतारखेत एका दिवसाचा फरक. आईच्या नावात काना जास्त. जुळलं नाही तर आधार अवैध. शिक्षकांच्या पदांची संचमान्यता आधार वैध असलेल्या मुलांवर ठरायची म्हटली, की समोर बाकावर बसून पाढे म्हणणारं पोर सरकारी मोजणीत नसतंच. अशी चार-पाच पोरं मोजणीतून गळली तर पद कमी होतं, आणि शिक्षक अतिरिक्त ठरतो. म्हणजे 'ज्ञानदेव' आणि 'ज्ञानदेवराव' यांच्यातला 'राव' ज्याला वेळेवर दिसला, त्याची नोकरी टिकली. आता सांगा, पात्रता कशात आहे? बालमानसशास्त्रातल्या पियाजेच्या विकासाच्या अवस्था किती, यात की नावाच्या रकान्यात? पियाजेचा प्रश्न तसाही सुटतो. चार पर्यायांपैकी ज्यात मुलाला जास्तीत जास्त मोकळीक आहे तो निवडायचा, हे शिकवणीवर्गात पहिल्या तासाला सांगतात. नोकरी लागल्यावर ती मोकळीक द्यायला वेळ होत नाही, हे मात्र कोणी सांगत नाही. त्यावर प्रश्न येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एवढी कागदपत्रं, एवढ्या पडताळण्या हव्यातच, कारण परीक्षेतच घोटाळा होतो. खरं आहे. २०१९ च्या टीईटीत गुण वाढवून उत्तीर्ण केलेले साडेसात हजारांहून अधिक उमेदवार पुढे तपासात सापडले आणि त्यांच्यावर कारवाई झाली. प्रकरण उघडकीला आलं तेव्हा परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेच्या वरच्या खुर्चीपर्यंत अटक पोहोचली. मात्र हा आक्षेप माझ्याच बाजूनं बोलतो. घोटाळा निकालात झाला, उत्तरपत्रिकेच्या नंतरच्या प्रवासात झाला. अर्जाच्या टप्प्यावर त्या हजारो जणांचेही फोटो मापात होते, सह्या चौकटीत होत्या. जो भाग उमेदवाराच्या हाती होता तो चोख होता. गळती वर होती. तरी गोष्ट उघड झाल्यावर नवीन कागद मागितला गेला तो उमेदवाराकडेच. छत गळत असताना पाहुण्याला पाय पुसून आत यायला सांगावं, तसा हा प्रकार. अर्जकरी तक्रार करत नाही. तो पाय पुसतो. पायपुसण्याची झेरॉक्स लागेल का, एवढं विचारतो.

तिसरा आक्षेप घरचाच: मग दुसरं काहीतरी का करत नाही? करतो की. विनाअनुदानित शाळेत तासिकेवर शिकवतो, संध्याकाळी शिकवण्या घेतो, हंगामात शेतावर असतो. पण हे सगळं 'सध्या' या सदरात मोडतं. २०१२ मध्ये राज्यात शिक्षकभरती थांबली, २०१३ च्या फेब्रुवारीत टीईटी अनिवार्य झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात पहिली परीक्षा झाली. एक दार लागलं आणि दुसऱ्या दारावर कुलूप लागून किल्लीची विक्री सुरू झाली. त्यातही किल्लीला सात वर्षांची मुदत होती. अनेकांची मुदत भरतीची वाट पाहण्यातच सरत आली, तेव्हा २०२१ मध्ये केंद्रानं ती आजीवन केली. मग अभियोग्यता चाचणी: दोनशे प्रश्न, दोन तास, म्हणजे प्रश्नाला छत्तीस सेकंद. मग 'पवित्र' नावाचं पोर्टल, ज्याचं नाव इंग्रजी आद्याक्षरांची बरीच ओढाताण करून पावन केलेलं आहे. तिथं पुन्हा नोंदणी, स्वप्रमाणपत्र, शाळांचे प्राधान्यक्रम, मुलाखतीसह की मुलाखतीशिवाय. या सगळ्यातून पार पडलेल्याला पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधन मिळतं, प्राथमिकला महिना सोळा हजार. २०२३ पूर्वी ते सहा हजार होतं. इतकं चढून आल्यावर कोणी खाली का उतरत नाही, हे विचारणाऱ्यानं एकदा गडावर पाणी विकणाऱ्याला विचारावं.

माझ्या म्हणण्याला खरा पुरावा मिळाला तो २०२५ च्या सप्टेंबरात. एक तारखेला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या, आठवीपर्यंत शिकवणाऱ्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायला हवं. शिक्षणहक्क कायदा येण्यापूर्वी नेमलेल्यांनीसुद्धा. नोव्हेंबरातली परीक्षा तोंडावर होती. वीस-पंचवीस वर्षं शिकवलेले गुरुजी स्टँडसमोरच्या दुकानात आले. कायद्याच्या दृष्टीनं ते आणि अर्जकरी एका पातळीवर आले असं म्हणतात, परंतु स्टुलावर तसं नव्हतं. रोज शंभर मुलांच्या नोंदी करणाऱ्या या माणसांना स्वतःचीच माहिती एका जागी सापडत नव्हती. दहावीचं प्रमाणपत्र मूळ गावी, डी.एड.चं ट्रंकेत, फोटो निवडणूक ड्यूटीसाठी काढलेला. 'सध्या नोकरी करता का' या रकान्यात 'होय' लिहावं की त्यामुळे काही गोत्यात येऊ, यावर दोन गुरुजींची कुजबूज चाललेली.

अशा वेळी शेजारच्या स्टुलावरचा अर्जकरी आपलं काम बाजूला ठेवून सरकतो. मुदत आज रात्रीपर्यंतच आहे, पण मुदतवाढ मिळेल हे त्याला अनुभवानं माहीत असतं, आणि 'मुदतवाढ मिळेल म्हणून थांबू नका' हेही. तो गुरुजींच्या हातातली पिशवी अदबीनं घेतो, कागद गुडघ्यावर ठेवून क्रमानं लावतो, फोटो खिशातल्या रुमालानं पुसतो.

"सर, दहावीला तुमच्या नावात 'राव' होतं का?"

गुरुजी आठवू लागतात. "माझ्या की वडिलांच्या?"

"दोन्ही सांगा," अर्जकरी म्हणतो, आणि पडद्याकडे बोट करून पोराला थांबवतो. "अजून सबमिट करू नको रे."