समुद्रावर काकू नसतात

"अगो, पण घरी सांगून तरी गेला होता का तो?" भिजवलेल्या वालाचं साल चिमटीत दाबून डाळिंबी टोपात उडवत काकूंनी विचारलं. काकू कुंपणाच्या त्या बाजूला, मी ह्या बाजूला. घरात बिरडं व्हायचं असलं की आमच्या आळीतल्या बातम्यांनाही मोड येतात.

"अख्ख्या देशाला सांगून गेला होता, काकू. नौदलातला अधिकारी, अभिलाष टॉमी. 1 नोव्हेंबर 2012 ला मुंबईहून शिडाची बोट काढली, पृथ्वीला फेरी घातली आणि 2013 च्या मार्चअखेरीला परत मुंबई गाठली. मधे एकाही बंदराला लागला नाही. बरोबर चिटपाखरू नाही. असं करणारा पहिला भारतीय."

"पाच महिने एकटा? आमच्या ह्यांना पाच मिनिटं चहाचा डबा सापडत नाही."

"त्याच्याआधी दिलीप दोंदे जाऊन आले. तेही नौदलातलेच. 2009 च्या ऑगस्टात निघाले, 2010 च्या मेमध्ये परतले. एकटेच, पण वाटेत चार ठिकाणी थांबत. बोट तीच, 'म्हादेई'. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली, छप्पन फुटी."

"दांडेकर का?" काकूंच्या चेहऱ्यावर ओळख निघाल्याचं समाधान. आणखी दोन प्रश्नांत त्यांनी दांडेकरांचं नातं खोपोलीपर्यंत आणून भिडवलं असतं, म्हणून मी घाईघाईने पुढे सरकले.

"आणि हे सगळं डोक्यात कोणाच्या आलं, माहित्ये? निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी. राहायला कुठे होते, तर फलटणजवळ विंचुर्णीला."

"फलटणला कुठला आलाय समुद्र?"

"तेच तर! आपल्या रायगडाला एवढा किनारा, आणि तुमचा-माझा समुद्र म्हणजे मांडव्याची लाँच."

"त्या लाँचचं नावसुद्धा काढू नकोस," काकूंनी पोटावर हात ठेवला. "म्हणजे नर्मदा परिक्रमेसारखंच की हे."

"नौदलाने नाव दिलं तेही 'सागर परिक्रमा'च. पण नर्मदेकाठी सदावर्त असतं, रात्री कोणी ओसरी देतं. इथे टॉमीसारखं न थांबता जायचं, तर किनाऱ्याला लागलात की बाद. कोणाकडून काही घेतलंत तरी बाद."

काकूंनी मूठभर वाल माझ्याकडे सरकवले. ऐकायचं तर हात रिकामे ठेवायचे नाहीत, हा त्यांचा नियम.

"बरं, पण ह्याची शर्यत कोणी लावली?"

"1968 मध्ये लंडनच्या एका वर्तमानपत्राने. नऊजण निघाले आणि परत आला एकच, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. 312 दिवसांनी. त्याची बत्तीस फुटी 'सुहैली' कुठे बांधलेली, सांगा? मुंबईत! सागवानी."

"बाकीचे आठ बुडाले?"

"नाही हो. कोणाची बोट मोडली, कोणी धीर सोडला. एक फ्रेंच होता, मॉइतेसिए. केप हॉर्नला वळसा घालून झाला, आता इंग्लंडकडे वळायचं, जिंकायची संधी समोर. तर ह्याने शर्यतच सोडली आणि दुसऱ्यांदा निम्म्या पृथ्वीला वळसा घालून ताहितीला जाऊन राहिला."

"लग्न झालेलं होतं का?"

"होतं. बायको तिकडे वाट बघत होती."

"मग बरोबर," काकू म्हणाल्या. कोणाच्या बाजूने ते कळलं नाही.

"पण खरी गंमत पुढेच आहे. गंमत कसली, वाईटच. डोनल्ड क्रोहर्स्ट नावाचा एक इंग्रज. धंदा बुडत चाललेला, बोटीसाठी घर गहाण टाकलेलं. निघाला, आणि थोड्याच दिवसांत त्याला कळून चुकलं की ही बोट दक्षिणेच्या समुद्रात तगायची नाही. परत फिरावं तर दिवाळं, पुढे जावं तर मरण. तर हा अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि रेडिओवरून कळवायचा, आज इथवर आलो, उद्या तिथवर पोचतो. मधेच चोरून अर्जेंटिनाच्या किनाऱ्यालाही लागून आला, दुरुस्तीला."

काकूंचे हात थांबले. "आणि कोणाला पत्ता नाही?"

"कोणाला असणार? 1969 च्या जुलैत बोट सापडली, आत माणूस नाही. वह्या तेवढ्या जागेवर. खोटा प्रवास रचला होता तोही वहीत, आणि खरा कुठे कुठे फिरला तोही लिहिलेला. त्यावरूनच सगळं उघडं पडलं. नॉक्स-जॉन्स्टनने बक्षिसाचे पाच हजार पौंड त्याच्या बायकामुलांना देऊन टाकले."

"देवमाणूस," काकू म्हणाल्या. मग थोडा वेळ नुसतेच वाल सोलले गेले. "पण काय गं, खोटं लिहिलं ते समजलं, शर्यतीसाठी. खरं कशाला लिहून ठेवलं?"

मला उत्तर सुचलं नाही. काकूंना सुचलं.

"कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवतं का? कुंपणापलीकडे कोणी नव्हतं, म्हणून वहीला सांगितलं. अगो, आपल्याकडे हा प्रसंगच येत नाही. गुडघे दुखतात म्हणून भजन चुकवणारी दुसऱ्या दिवशी कर्जत स्टेशनात गाडीमागे धावताना दिसते, आणि तिच्याआधी बातमी आळीत. खोटं दोन दिवस टिकत नाही, म्हणून आपण खरे. ह्यात आपला मोठेपणा काय? बघायला कोणी नसताना खरं वागेल तो खरा."

"मग आपला टॉमी बसतो तुमच्या हिशोबात. 2018 मध्ये तीच जुनी शर्यत पुन्हा भरली. जुन्याच पद्धतीने, जीपीएस वापरायचं नाही, सूर्यतारे मोजून वाट काढायची. हा गेला 'तुरीया' घेऊन, तीही दांडेकरांकडचीच, 'सुहैली'सारखी हुबेहूब. सप्टेंबरात हिंदी महासागरात वादळाने बोट उलटीपालटी केली. डोलकाठी मोडली, ह्याच्या पाठीचा कणा दुखावला, उठता येईना. लपवाछपवी नाही, सरळ कळवलं, उठवत नाही म्हणून. शर्यतीतला एक आयरिश गडी स्वतःची डोलकाठी मोडलेली असताना ह्याच्याकडे यायला निघाला. शेवटी एका फ्रेंच जहाजाने दोघांनाही उचललं."

"सुटला बिचारा. आता घरी बसला असेल."

"कुठला! पाठीत टायटॅनियमचे दांडे घातले, चालायला नव्याने शिकला आणि 2022 ला पुन्हा त्याच शर्यतीत. वाटेत वाऱ्यावर सुकाणू सांभाळणारं यंत्र मोडलं, तर संडासाचं दार कापून त्याचे भाग केले."

"म्हणजे पुढे सगळं उघड्यावर?"

"बघायला कोण होतं, काकू?"

काकू एवढ्या हसल्या की टोपातल्या डाळिंब्या हलल्या.

"सोळाजण निघाले होते, न थांबता पोचले तिघेच. टॉमी दुसरा आला, 236 दिवसांनी. आणि पहिली कोण आली असेल? एक बाई. दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर. ही शर्यत जिंकणारी पहिलीच बाई."

"येणारच," काकूंना त्यात नवल वाटलं नाही. "आठ महिने कोणी 'चहा टाक' म्हणायला नाही, मधे उठायचं नाही. मग कोणतीही बाई पहिली येईल." टोप उचलून त्या उठल्या, दोन पावलं गेल्या आणि वळल्या.

"ते राहू दे. काल रात्री साडेदहाला तुमच्या दारात पांढरी गाडी कोणाची होती? आणि आत्तेभाऊ म्हणून सांगू नकोस, त्याची लाल आहे."