पालकांना विचारा

सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांआड येतं आणि डेटा रोज येतो, अशा काळात आमची वर्षं गेली. उजनी काठोकाठ भरली तरी आमच्या गल्लीत पाणी कधी सुटणार, हे चावीवाला ठरवतो. दीड जीबी मात्र रात्री बाराच्या ठोक्याला बिनचावीचा हजर. तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, ज्याला चावी नको त्याला आहे, आणि ज्याला हवी ते मोकाट सुटलंय. पोराच्या फोनला चावी लावून आणा.

पोरगा दहावीत. त्याच्या हातात फोन मुळात दिला कुणी, याची घरात चौकशी झाली आणि सगळ्यांची बोटं शाळेकडं वळली. करोनात वर्ग फोनवर भरले. करोना गेला, वर्ग शाळेत परतले, गृहपाठ मात्र व्हॉट्सअपवरच राहिला. त्यात पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड. तो पुस्तकात आणणारे रणजितसिंह डिसले गुरुजी आमच्याच जिल्ह्यातले, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतले. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइजचे दहा लाख डॉलर मिळाले आणि त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या शिक्षकांना वाटून टाकले. म्हणजे जिल्ह्यानं पुस्तकात फोन घातला. आता शहर फोनमधून पुस्तक सोडून बाकी सगळं काढायला निघालंय.

नव्या पेठेतलं एक मोबाइलचं दुकान गाठलं.

“काय देऊ मालक? कव्हर?”

“नाही. ते आपलं... पोराच्या फोनमधलं ते बंद करायचंय.”

“ते म्हणजे?”

“ते हो. नको ते.”

“घाण साइट बंद करायच्यात व्हय!” दुकानदार ओरडला. बाहेर रिक्षा जात होत्या, हॉर्न वाजत होते, तरी नेमकं हेच वाक्य रस्त्यापलीकडं पोचलं. काउंटरवरच्या दोन बायका वळल्या. आमच्या टॉवेलच्या कारखान्याचे हिशेब बघणारे एक गृहस्थ चार्जर घ्यायला आले होते, तेही वळले. ‘घाण साइट’ आणि माझं तोंड यांचा संबंध त्यांनी मनात कसा लावला असेल, या विचारानं मी दीडशे रुपयांची स्क्रीनगार्ड काच घेतली आणि घरी आलो. माझ्या फोनला आता दोन काचा आहेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गिऱ्हाईक नसताना, पुन्हा गेलो. दुकानदारानं या वेळी आवाज बेतानं लावला. त्याचं म्हणणं असं: फोनला कुठल्याही साइटचा पत्ता ठाऊक नसतो. तो आधी एका ठिकाणी जाऊन विचारतो, जसं परगावचा माणूस मधला मारुतीपाशी पानाच्या दुकानात पत्ता विचारतो, तसं. त्याला डीएनएस म्हणतात. आपण फोनला सांगायचं, इथून पुढं फक्त या सोवळ्या पानवाल्याला विचारायचं. वाईट ठिकाणाचा पत्ता विचारला की तो म्हणणार, म्हाईत नाही.

“आणि पोरानं दुसऱ्या पानवाल्याला विचारलं तर?”

“विचारणारच की. सेटिंगमध्ये जायचं, दोन बोटांचं काम. म्हणून वर गूगलचं फॅमिली लिंक टाकूलालोय. ते तुमच्या फोनवरनं चालतंय. तरी तो व्हीपीएन लावून बोगद्यातनं जाईल, ते वेगळं.”

मग त्यानं एक पान उघडून माझ्यापुढं धरलं. सरसकट सगळं अडवणारं एक बटण होतंच, पण खाली रिकामी चौकट: आणखी कुठल्या साइट बंद करायच्या, त्यांची नावं लिहा. इथं माझं बोट हवेतच थांबलं. नावं ठाऊक असणं हा गुन्हा आणि नसणं हा निष्काळजीपणा. दुकानदार अदबीनं दुसरीकडं बघत होता. मी एका रमीच्या जाहिरातीचं नाव लिहिलं आणि सुटलो.

हा पेच केंद्र सरकारलाही पडला होता. ३१ जुलै २०१५ रोजी दूरसंचार खात्यानं ८५७ साइट बंद करायला सांगितल्या. देशभर असा काही कल्लोळ उठला की चार दिवसांत सरकारनं हात आखडता घेतला. पुढं २०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयानं फटकारलं, तेव्हा तीच यादी पुन्हा बाहेर काढली. पण आधी तपासणी झाली आणि ३० साइटवर आक्षेपार्ह काहीच नसल्याचं निष्पन्न झालं. उरल्या ८२७, त्या बंद. मला त्या तपासणाऱ्याविषयी अपार आदर आहे. कार्यालयीन वेळेत, सरकारी खुर्चीत, ८५७ ठिकाणी स्वतः जाऊन यायचं आणि प्रत्येकापुढं शेरा लिहायचा. ‘पाहिले. योग्य नाही. पुन्हा पाहिले.’ आणि त्या तिसांपाशी आल्यावर ‘काहीच आढळले नाही’ हे किती जड मनानं लिहिलं असेल!

साइट झाल्या, मग शब्द. दुकानदार म्हणाला, काही फिल्टरांना शब्दांचीही यादी असते. पण शब्दांवर चौकी बसवली की काय होतं, ते १९९६ साली इंग्लंडातल्या स्कन्थॉर्पकरांनी भोगलंय. त्यांच्या गावाच्या नावाच्या पोटात चार अक्षरी शिवी बसते, म्हणून एओएल या इंटरनेट कंपनीच्या यंत्रणेनं त्या गावच्या लोकांना खातीच उघडू दिली नाहीत. आमच्याकडं अडचण उलटी आहे. फिल्टरला मुख्यतः इंग्रजी येतं. सोलापूरचं पोरगं मराठीत चिडतं, तेलुगूत शिवी देतं, कन्नडात तिला उत्तर ऐकतं आणि दखनीत भांडण मिटवतं. एका वाक्यात चार भाषा ओलांडणारा शब्द पकडायचा तर फिल्टरला आधी अशोक चौकात दोन वर्षं खोली घेऊन राहावं लागेल.

आमच्या लहानपणी चौकी होती, पण ती माणसाची. ‘फक्त प्रौढांसाठी’ लागलेल्या सिनेमाला आम्ही तिघं मित्र ओठांवर काजळानं मिशी ओढून गेलो होतो. डोअरकीपरनं तिकिटं बघितलीच नाहीत. तोंडं बघितली. “तू मिलमधल्या नानांचा ना बे? घरला जा. त्यांना सांगू का?” मिशी जागेवर पुसली गेली. त्या माणसाला ना डीएनएस ठाऊक, ना पासवर्ड. त्याला आमचा बाप ठाऊक होता, आणि त्याला चुकवायचा बोगदा अख्ख्या सोलापुरात नव्हता. आता साइट विचारते, तुम्ही १८ वर्षांचे आहात का? पोरगं म्हणतं, हो. साइट म्हणते, या. २०२३ च्या डेटा कायद्यानुसार १८ खालच्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती लागणार आहे. ते पालक ओटीपी वाचून दाखवायला पोरालाच हाक मारतात, याची नोंद कायद्यात बहुधा राहून गेली.

शेजारच्या अण्णांनी तिसराच उपाय काढला. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. टीव्ही बंद, फोन बंद, साडेआठपर्यंत पोरं अभ्यासाला. आपल्या गल्लीतही भोंगा बसवू, म्हणाले. भोंगा हा शब्द ऐकताच आमची आई पलंगावर उठून बसली. जुन्या मिलच्या भोंग्यावर ह्या गावानं पिढ्यान्‌पिढ्या डबे भरले, चुली पेटवल्या. मिली बंद पडल्या आणि गावाला उठवणारं कुणी उरलं नाही, हे तिचं जुनं दुःख. ती म्हणाली, बसवा. वर्गणीही जमली. मग सातची वेळ ठरवायला बैठक बसली. बायका म्हणाल्या, सातला मालिका असते. पुरुष म्हणाले, आयपीएलचं काय? शेवटी सर्वानुमते रात्री साडेअकराची वेळ ठरली. भोंगा अजून आलेला नाही.

इकडं आमचं कुलूप चोख चाललं. आठवडाभर माझ्या फोनवर काही आलं नाही आणि मी घरात जरा ताठ मानेनं वावरू लागलो. गेल्या रविवारी फोन टुणटुणला. आत चिरंजीवाचं नाव, खाली एका पानाचा पत्ता, आणि दोन बटणं: मंजूर, नामंजूर. त्याच्या पडद्यावर म्हणे लिहून आलं होतं, हे पान बंद आहे, पालकांना विचारा.

म्हणून तो विचारायला आला होता. हातात दहावीच्या विज्ञानाचा दुसरा भाग, बोट मानवी प्रजननसंस्थेच्या आकृतीवर. त्याला एक नाव कळत नव्हतं, ते शोधलं तर कुलूप आडवं आलं.

“बाईंना विचार.”

“बाई म्हणाल्या, हा धडा घरी वाचा.”

बाईंना तरी काय बोलायचं! ह्याच राज्यानं २००७ साली शाळांतला लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला होता. त्याआधी र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, जे शब्द माझ्या घशात अडकलेत ते स्वच्छ मराठीत छापले आणि अश्लीलतेच्या खटल्यांत दंड भरला. १९३४ च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी हरले. माझ्या दीडशे रुपयांच्या दुकानदारानं ते मासिकही एका बटणात गप्प केलं असतं. वकील लागला नसता.

“आईला विचार.”

“आई म्हणाली, पप्पांना विचार.”

सौ. स्वयंपाकघरात खलबत्त्यात शेंगाचटणी कुटत होत्या. कुटण्याचा आवाज अचानक वाढला.

मी मंजूरवर बोट नेलं. मग वाटलं, आधी आपण बघून घ्यावं. बघायचं तर त्याच्यासमोर बघावं लागणार. नामंजूर करावं, तर धड्याला मार्क आहेत. तो शांतपणे उभा होता. त्याच्या ओठांवर कोवळी मिशी होती, काजळाची नव्हे.

“थांब हं,” मी उठलो. “पाणी आलंय वाटतं. मोटार लावून येतो.”

“आज पाणी नाही पप्पा,” तो म्हणाला. “परवा आहे.”