अर्धवट जाळण्याचं शास्त्र

स्वयंपाकघरातल्या धुराविरुद्ध या देशाने मोठी लढाई दिली आहे. 1980च्या दशकात सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला, 2016 साली उज्ज्वला योजना आली, आणि ज्यांच्या घरात धूर उरलाच नव्हता त्यांनी निदान फोडणीचा वास घालवायला म्हणून चिमण्या बसवून घेतल्या. एवढं सगळं झाल्यावर घरात मुद्दाम धूर करायचा, तर त्याला भक्कम तात्त्विक बैठक हवी. ती अशी: चांगली चूल इंधन पूर्ण जाळते, चांगला स्मोकर, म्हणजे पदार्थाला धूर देणारं भांडं, ते अर्धवट जाळतो. लाकूड पूर्ण जळालं तर हाती राहते उष्णता आणि राख. हवा कमी पडून ते नुसतं धुमसत राहिलं, की त्यातलं लिग्निन मोडून ग्वायकोल, सिरिंगोल असली संयुगं धुराबरोबर उडतात. धुराची चव म्हणतात ती मुख्यतः यांचीच. 'एक काम धड पुरं करत नाही' हे ज्यांनी जन्मभर ऐकलं, त्यांच्या अंगचा गुण कामी येईल असं हे बहुधा एकमेव उपकरण आहे.

साहित्य घरातच आहे. जाड बुडाची लोखंडी कढई घ्यावी. नॉनस्टिक नको, कारण रिकामं भांडं फार तापलं की त्याचा थरच धुरात उतरतो. तळाशी आंब्याच्या सुक्या लाकडाच्या दोन मुठी ढलप्या पसराव्यात. प्लायवुडचे तुकडे फुकट मिळतात, पण त्यात डिंक असतो, आणि सुरमईला फर्निचरची चव येणं हा काही पाककलेचा विकास नव्हे. ढलप्यांवर फॉइल, त्यावर ठिबकणारी चरबी झेलायला ताटली, वर पापड भाजायची जाळी. सुरमईच्या तुकड्या मीठ लावून, पुसून, फ्रिजमध्ये उघड्याच ठेवाव्यात. वरचा भाग बोटाला किंचित चिकट लागला की त्या तयार. ओल्या मासळीवर धूर नीट बसत नाही, ओघळून कडवट डाग तेवढे पाडतो. झाकणाची कड कणकेने लिंपावी, पण बोटभर फट राखावी. कोंडून राहिलेला धूर शिळा होतो. धूर दिसू लागला की आच मंद करायची आणि पंधरा-वीस मिनिटं काहीही करायचं नाही. बहुतेकांचा स्मोकर फसतो तो याच पायरीवर, कारण दर मिनिटाला झाकण उघडून पाहणारा माणूस आत ताजी हवा सोडतो आणि अर्धवट जळणाऱ्या लाकडाला पूर्ण जळायची संधी देतो.

यावर जाणकारांचा आक्षेप ठरलेला आहे: निखाऱ्यावर तूप सोडून वाटी भांड्यात ठेवली की धुंगार मिळतोच, मग ही कढईची यातायात कशाला? उत्तर सोपं आहे. कोळसा होतानाच लाकडातलं धुराचं भांडवल बहुतेक उडून गेलेलं असतं. निखाऱ्याकडे उरते ती नुसती उष्णता, म्हणून धुंगारात धूर असतो तो तुपाचा. तो चविष्ट असतो यात वाद नाही, पण त्याला लाकडाचा धूर म्हणता येणार नाही. दुसरा आक्षेप आरोग्याचा, आणि तो खरा आहे. अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्यंही. म्हणून हा उद्योग अंगणात किंवा गच्चीवर, सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी कळवून करावा. चरबी निखाऱ्यावर पडू देऊ नये, आणि असले पदार्थ रोजच्या जेवणात नव्हे, सणासुदीलाच असावेत.

राहता राहिला प्रश्न अर्धवटपणाच्या मर्यादेचा. धुराने मासळी टिकते असं ऐकून काही उत्साही मंडळी ती अर्धीकच्ची उतरवून आठवडाभर ठेवू पाहतात. घरगुती धुराच्या पातळ थराला एवढं काम झेपत नाही. सुरमईची तुकडी आतपर्यंत शिजून काट्यापासून सुटली पाहिजे. कोंबडी असेल तर मधोमध 74 अंश सेल्सिअस भरले पाहिजेत. लाकूड अर्धवट, मासा पूर्ण, हाच क्रम ठेवावा. उलट झालं तर त्याला नुसता स्वयंपाक बिघडणं म्हणतात, आणि त्यासाठी आजवर कुणाला मार्गदर्शनाची गरज पडलेली नाही.