बुलेटचे हाफ इंजिन

ओतीव लोखंडी सिलिंडरच्या जुन्या 350 बुलेटचा बोअर 70 मिलिमीटर, स्ट्रोक 90 आणि घनफळ 346 सीसी. 500 बुलेटचा स्ट्रोक तोच, बोअर मात्र 84. फरक अवघा 14 मिलिमीटरचा, आणि तो कागदावर पाहूनच मालक 350ची 500 करण्याच्या उद्योगात पडतो. मोठा सिलिंडर बसवायचा तर क्रँककेसचे तोंड लेथवर मोठे करावे लागते, हेड व कार्बोरेटर बदलावे लागतात, आणि पिस्टन जड झाल्यामुळे क्रँकचा तोलही नव्याने साधावा लागतो. ही शेवटची बाब मिस्त्री बहुधा बिल चुकते झाल्यावर सांगतो. एवढ्या खटाटोपातून 18ची 22 अश्वशक्ती होते. वाढलेल्या चार घोड्यांचा दरडोई खर्च काढण्याचे धैर्य घरात कुणाला होत नाही.

शिवाय नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल करायला मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आडवे येते. तेव्हा बहुतेकांची महत्त्वाकांक्षा ‘हाफ इंजिन’वर येऊन थांबते: सिलिंडर रिबोअर करायचा, पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन आणि नव्या रिंगा घालायच्या.

यानंतरचा काळ रनिंग-इनचा, म्हणजे सल्ल्यांचा. जबलपुरात त्यांची वाण नाही. 1969 साली सुरू झालेल्या इथल्या व्हेईकल फॅक्टरीने लष्कराला शक्तिमान ट्रक दिले. जोंगा गाडीच्या तर आद्याक्षरातच जबलपूर आहे. परिणामी नात्यात एखादे निवृत्त काका निघतातच. ट्रकचे नियम बुलेटला लागू पडतात का, ही शंका त्यांना स्वतःला कधीच येत नाही. “चाळीसच्या वर न्यायची नाही,” हा त्यांचा निकाल.

तो निम्माच बरोबर आहे. होनिंग करताना सिलिंडरच्या आतून एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या बारीक रेघा पाडतात. रेघांचे कंगोरे रिंगांनी घासून सपाट करायचे असतात आणि खाचांत ऑइल टिकायला हवे असते. रिंग भिंतीवर दाबली जाते ती मुख्यतः जळत्या वायूच्या दाबाने, कारण तो वायू रिंगेच्या मागे शिरतो. गाडी फारच जपून चालवली तर हा दाब अपुरा पडतो, भिंत गुळगुळीत होऊन बसते आणि इंजिन पुढे जन्मभर ऑइल पिते. उलट पहिल्याच दिवशी कान पिळला तर पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला चिकटतो. म्हणून थ्रॉटल निम्म्यापर्यंत द्यावा, सोडावा, पुन्हा द्यावा. वरच्या गिअरमध्ये रखडवू नये, आणि एकाच वेगाने तासभर तर मुळीच जाऊ नये. गल्लीतल्या गाई, ई-रिक्षा आणि गतिरोधक यांतले शेवटचे पथ्य फुकटात पाळून घेतात.

भेडाघाटची जाऊन-येऊन फेरी साधारण 50 किलोमीटरची, म्हणजे पहिले 500 किलोमीटर दहा फेऱ्यांत उरकतात. धुआंधार धबधबा दहा वेळा पाहण्याइतकी निसर्गओढ दुसऱ्या कुठल्याही छंदाने लागत नाही. मे महिन्यात पहाटेच निघावे. इंजिन हवेने थंड होणारे, आणि दुपारची हवाच चाळिशीपार गेलेली असते. दहाव्या फेरीलाही मागे निळा धूर राहत असेल, तर रिंगा बसलेल्या नाहीत असे समजावे.

पहिले ऑइल साधे, मिनरल असावे आणि पहिल्या फेरीनंतरच ते काढून टाकावे. त्यात धातूचा चुरा चकाकताना दिसतो. 500 किलोमीटरनंतर ते पुन्हा बदलावे, टॅपेट तपासावेत आणि हेडचे नट थंड इंजिनावर पुन्हा कसावेत. कसताना टॉर्क पाना वापरावा, काकांचा अंदाज नव्हे.