निघाले तिथेच पोचले

सुमारे ६,००० मैल बोट हाकायची आणि शेवटी निघालो त्याच धक्क्याला लागायचं, याला अमेरिकेत ‘ग्रेट लूप’ म्हणतात. नर्मदा परिक्रमा ठाऊक असलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटणार नाही. फक्त ही प्रदक्षिणा उलटी, घड्याळाच्या काट्यांविरुद्ध. पाप-पुण्याचा प्रश्नच नाही. मिसिसिपी दक्षिणेकडे वाहते आणि डिझेल फुकट मिळत नाही.

वसंतात अटलांटिक किनाऱ्याने वर, हडसन नदी, मग १८२५ साली खुला झालेला ईरी कालवा, उन्हाळ्यात महासरोवरं, पानगळीत शिकागोहून नद्या-कालव्यांनी खाली मोबील बंदरापर्यंत, थंडीला फ्लोरिडा. वेळापत्रक ऋतू ठरवतात, असं कप्तान ऐटीत सांगतो. बऱ्याचदा ते विमा कंपनी ठरवते. १ जून ते ३० नोव्हेंबर हा वादळांचा मोसम. त्यात दक्षिणेला रेंगाळलात, तर पॉलिसीची होडी करून पाण्यात सोडा.

शिकागोच्या पुढे एक रेल्वेपूल पाण्यापासून जेमतेम साडेएकोणीस फुटांवर आहे. तो उघडत नाही आणि त्याला वळसाही नाही. म्हणून शिडाच्या बोटीचे मालक डोलकाठी आधीच उतरवतात आणि पुष्कळ जण ती ट्रकने मोबीलला पाठवून देतात. मालक नद्यांची वळणं मोजत असतो, तेव्हा काठी हमरस्त्याने कधीच पुढे गेलेली असते.

पण खरी कसोटी पुलाखाली नाही, धक्क्यावर. नवरा सुकाणूवर, बायको दोर घेऊन पुढे, वारा आडवा. “डावीकडे!” “कुणाच्या डावीकडे?” हा संवाद साऱ्या बंदराने ऐकू नये म्हणून दोघं कानाला बिनतारी हेडसेट लावतात. बोटवाल्यांत त्याचं नाव ‘मॅरेज सेव्हर’. बहुतेक मंडळी निवृत्त, आणि वर्षभराचा संसार चाळीसेक फुटांच्या बोटीत. तेव्हा नाव ठेवणाऱ्याला अनुभव दांडगा असणार.

बोट आपल्याच जुन्या वाटेला येऊन मिळाली की फेरी पूर्ण. पाण्यावर वाट कुठे उरते, असं विचारणाऱ्याला तिथे कुणी भीक घालत नाही. लूपवाल्यांच्या संघटनेची पांढरी पताका उतरते, सोनेरी चढते. जन्मभर कचेऱ्या चालवलेली माणसं त्या हातभर कापडाखाली उभी राहून फोटो काढतात. पुन्हा फेरी मारणाऱ्याला प्लॅटिनम रंगाची मिळते.

पुष्कळ जण सोनेरीवरच थांबतात आणि बोट विकायला काढतात. ‘लूप केलेली’ हे जाहिरातीत ठळक. बघायला येतं ते दुसरं निवृत्त जोडपं. तो इंजिन तपासतो, ती विचारते, “हेडसेट किमतीत धरलेत ना?”