काटा

आमचा दौंड-शिरूरचा माणूस वजनाला फार पक्का. उसाची ट्रॉली क्विंटलभर कमी भरल्याचा संशय आला, की तो रात्री बाराला दुसऱ्या काट्यावर जाऊन खात्री करतो. डेअरीवर दुधाचं फॅट ३.५ आणि एसएनएफ ८.५ च्या खाली घसरलं, तर घरी चौकशी समितीच बसते. पेंड कुणी कमी घातली? मुरघासाला बुरशी होती का? गाईची ही परीक्षा दिवसातून दोनदा. पोरांची महिन्यातून एकदा, तीही अंगणवाडीत नाव असेल तर.

घोड-भीमेच्या पाण्यावरचा ऊस तोडायला बीड, अहिल्यानगरकडून माणसं येतात. मागच्या हंगामात पाटसच्या पुढे एका फडाकडेला तोडकऱ्याच्या कोपीपाशी, म्हणजे झोपडीपाशी, थांबलो होतो. आईबाप पहाटे चारलाच फडात गेलेले. कोपीत दीड वर्षाचा पोरगा आणि त्याला सांभाळायला आठ वर्षांची बहीण. पोराचा आहार अगदी चौरस होता: चहात बुडवलेली भाकरी, पाण्यात बुडवलेली भाकरी, नुसती भाकरी आणि चौथ्या कोपऱ्यात आईची वाट. फारच किरकिरला की पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा. वाण्याच्या कृपेने तो कुठल्याही वस्तीवर मिळतो, अंडं मिळत नाही.

सांजच्याला आई वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बागायतदाराला विकते, तेवढीच खर्ची. हिरवा चारा गाईला, गाईचं दूध पुण्याला. पोराच्या वाट्याला चहाचा रंग बदलण्यापुरतं.

सरकारचंही लक्ष आहे बरं. अंगणवाडीच्या पूरक आहाराचा दर २०१७ साली ठरला: बालकामागे दिवसाला ८ रुपये, वजन तीव्र कमी असेल तर १२. चौफुल्यावर आठ रुपयांत कटिंगसुद्धा कुणी पुढ्यात ठेवत नाही. वरचे चार हवे असतील, तर पोराने आधी नीट खंगून दाखवावं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात पाच वर्षांखालची शंभरातली ३५ मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. पारावर हे वाचून दाखवलं, तर एक जाणते म्हणाले, "अंगकाठीच असते हो एकेकाची. आजा बुटका, नातू बुटका." याच गृहस्थांची कालवड गेल्या साली खुजी निघाली, तेव्हा ते पेंडीवाल्याशी दोन तास भांडले होते. कालवडीच्या आज्याचं नाव तेव्हा कुणी काढलं नाही.

शिवाय प्रश्न नुसत्या उंचीचा नाही, मेंदूचाही आहे; आणि मेंदूला हंगाम कळत नाही. त्याची बहुतेक वाढ पहिल्या दोन वर्षांत उरकते. गळीत पाच महिन्यांचं; असे दोन हंगाम कोपीत गेले, की तो मुहूर्त टळला. मुकादमाची उचल पुढच्या वर्षी फेडता येते, मेंदूची येत नाही.

त्या पोराचं नाव गावाकडच्या अंगणवाडीत होतं. म्हणजे कागदावर मूल बीडला जेवत होतं, भूक तेवढी दौंडला आली होती. शेवटी इथल्या अंगणवाडीच्या ताई काटा घेऊन स्वतःच फडावर आल्या. झोळीत पोरगा बसवला. सात किलो सहाशे. तक्त्यावर लाल.

बाप मोळी टाकून जवळ आला. आयुष्यभर वजनात मार खाल्लेला माणूस. हळूच म्हणाला, "ताई, काटा बरोबर हाय ना?"

ताईंनी पोराला खाली उतरवलं आणि रिकामी झोळी टांगून दाखवली. काटा शून्यावर होता.